एआयला न्याय विचारण्याआधी समोरच्याची बाजू लिहा

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझे टॉवेलचे आठ माग आहेत. दिवाळीआधी एक कामगार पंधरा हजारांची उचल घेऊन दुसऱ्या कारखान्यात लागला. त्याच्या नव्या मालकाला सांगावं का, हे मी रात्री एआयला विचारलं. प्रश्नात ‘विश्वासघात’ हा शब्द होता. उत्तर आलं, सांगणं रास्त आहे. मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी नवीन चॅट उघडून तोच प्रकार त्याच्या तोंडून लिहिला. बायको विड्या वळते, पोराचा दवाखाना, मजुरी तीन वर्षं तीच. आता उत्तर आलं, असं सांगून कुणाच्या पोटावर पाय देऊ नये.

तेव्हापासून प्रश्न लिहायची माझी रीत बदलली. ‘मी’ काढायचा: ‘अ’ने ‘ब’ला उचल दिली. ‘फसवलं’, ‘बिचारा’ असले शब्द गाळायचे. रक्कम, महिना आणि प्रत्यक्ष झालेलं बोलणं ठेवायचं. खरं नाव, नंबर कधीच टाकायचा नाही. मग दोन्ही बाजूंनी वेगवेगळ्या चॅटमध्ये विचारायचं आणि दोन्हीकडे जे टिकेल ते धरायचं.

कारण ही यंत्रणा अफाट मजकुरावरून पुढचा शब्द ओळखायला शिकते, नंतर माणसांनी पसंत केलेल्या उत्तरांवरून घडवली जाते. आणि माणसाला होकार आवडतो. प्रश्न विचारणाऱ्याच्या मताकडे ही मॉडेल झुकतात, हे २०२३ मध्ये अँथ्रॉपिक या एआय बनवणाऱ्या कंपनीच्याच संशोधकांनी मांडलं. त्याआधी २०२१ मध्ये सिएटलच्या ‘ॲलन इन्स्टिट्यूट फॉर एआय’ या संशोधन संस्थेने नैतिक निवाड्यांसाठी ‘डेल्फी’ नावाचं एआय काढलं होतं. त्यातही वाक्याला ‘सगळे खूश होणार असतील तर’ अशी शेपटी जोडली की निवाडा फिरायचा.

‘कारण सांग’ म्हटलं की एआय कारणं देतं, पण उत्तर त्याच वाटेनं निघालं असेल असं नाही. कारणं आपल्या अकलेनं तपासा. त्यापेक्षा मला एक प्रश्न फार उपयोगी पडला: ‘कोणती गोष्ट कळली तर तुझं उत्तर बदलेल?’ त्यावर त्यानं उलट विचारलं, उचल देताना परतफेडीचं काय ठरलं होतं?

काहीच ठरलं नव्हतं. मी वही काढून पाहिली; रक्कम आणि तारीख, बस्स. त्या रात्री झोप लागली नाही.

नव्या मालकाला फोन केला नाही, त्या कामगाराला केला. रविवारी तो घरी आला. महिना हजार ठरले, आणि या वेळी वहीत दोघांच्याही सह्या झाल्या.