मास्तरांचं नाटक बसवताना आधी मागचा बाक भरा

चांगल्या शिक्षकावरचं नाटक करायचं ठरलं की हौशी संस्थेत पहिला वाद ठरलेला: मास्तर कोण करणार? तो वाद खुशाल घाला, पण निर्णय लगेच घेऊ नका. आधी विद्यार्थी निवडा, आणि त्यातही मागच्या बाकावरचे.

हे मला दिग्दर्शन करून कळलं नाही, प्रॉम्प्टिंग करून, म्हणजे नटांना विसरलेली वाक्यं आडून सांगून कळलं. मी कितीतरी वर्षं विंगेत मांडीवर संहिता घेऊन बसायचे. तिथून मास्तरांची पाठ आणि वर्गाची तोंडं दिसतात. मास्तर जीव तोडून बोलतायत आणि मागचा एक जण नखं कुरतडतोय, अशा वेळी प्रवेश कोसळताना मी पाहिलाय. उलट आमचे एक मास्तर अगदी सपाट बोलायचे, पण समोरची आठ पोरं त्यांचा शब्द न् शब्द झेलायची. प्रेक्षक बाहेर पडताना म्हणाले, काय तळमळीचे मास्तर!

संहितेपासून सुरुवात करू. पेन्सिल घ्या आणि इतर पात्रं मास्तरांची स्तुती करतात त्या प्रत्येक वाक्याखाली रेघ मारा. "सर, तुम्ही नसता तर आज मी कुठे असतो" या घराण्यातली वाक्यं. दहा सापडली तर एक ठेवण्याजोगं असतं. मात्र काटछाट लेखकाला किंवा त्याच्या वारसांना विचारूनच करायची. प्रयोगाची परवानगीही लेखी हवी आणि तालमी सुरू व्हायच्या आधी हवी. अर्धं नाटक बसल्यावर नकार आला तर मंडळींची तोंडं बघवत नाहीत.

मग मास्तरांचा दोष शोधा. दोष नसलेला शिक्षक रंगमंचावर तसबिरीसारखा दिसतो, हार घातलेला. खऱ्या माणसावरचं नाटक असेल तर चरित्रात हे हमखास सापडतं. अ‍ॅन सुलिव्हन ही शिक्षिका अंध आणि बहिऱ्या हेलन केलरला शिकवायला आली ती 3 मार्च 1887 रोजी. ती 20 वर्षांची, मुलगी 6 वर्षांची. लवकरच हेलननं बाईंना खोलीत कोंडून किल्ली लपवली, आणि वडिलांना शिडी लावून बाईंना खिडकीतून उतरवावं लागलं. आता विचार करा, पुढे थोर ठरणारी शिक्षिका शिडीवरून उतरतेय आणि विद्यार्थिनी खूश आहे! असा प्रसंग हाती असताना कुणी भाषणानं सुरुवात करत असेल तर त्याला काय म्हणावं.

पात्रनिवड. मोठी माणसं मुलं करणार असतील तर बोबडं बोलणं आणि चिरका आवाज पहिल्याच दिवशी बंद करा. वय पायांत असतं. आम्ही बाकांची बसायची फळी चार बोटं उंच केली. पाय जमिनीला टेकेनात, आपोआप हलायला लागले, आणि चाळिशीतली माणसं बाराची दिसू लागली. आठ विद्यार्थ्यांत वर्ग भरतो. बाकीचा गलबला विंगेतून. खरी मुलं घेणार असाल तर तासाभरापेक्षा लांब तालीम नको, आणि विंगेत त्यांच्यासाठी एक मोठं माणूस, ज्याला दुसरं कुठलंही काम नाही.

आता मुख्य गोष्ट. तालमीत मास्तर करणाऱ्याला खरोखर काहीतरी शिकवायला लावा, समोरच्यांना येत नसलेलं. आमचे मास्तर पोटापाण्याला सुतारकाम करायचे. नाटकात ते भूमिती शिकवणार होते आणि काटकोनावर त्यांना दीड पानाचं भाषण होतं. पाठ होईना. एका संध्याकाळी मी म्हटलं, भाषण ठेवा बाजूला, तुम्ही कामावर काटकोन कसा काढता ते या पोरांना दाखवा. त्यांनी दोरी घेतली, सारख्या अंतरावर गाठी मारल्या. तिघांना उठवलं. एकानं दोन्ही टोकं एकत्र धरायची, एकानं तिथून पुढची तिसरी गाठ, म्हणजे 3 भागांवर, आणि एकानं त्यापुढे 4 भागांवर. उरलेली बाजू 5 भागांची. दोरी ताणली की काटकोन.

ताणली. कोन भलताच आला.

मास्तर ओशाळले, पुन्हा मोजायला लागले. तेवढ्यात मागच्या बाकावरून, ज्या मुलाला नाटकभर दोनच वाक्यं होती, तो म्हणाला, "काका, गाठी 12 मारल्यात तुम्ही. भाग 11च झाले." बरोबर होतं. 12 भागांना 13 गाठी लागतात, कारण पहिली आणि शेवटची एकाच हातात येतात. मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं, दोरी त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, "मार तेरावी." सगळे उठून बघायला आले. मी लिहून दिलेली हालचाल नव्हती ती, लोक खरंच बघायला आले होते.

लेखकाला फोन करून परवानगी मागितली. दीड पान गेलं, दोरी आली, चूक तशीच ठेवली. प्रयोगात सगळ्यात मोठी टाळी तेराव्या गाठीला पडायची. तुमच्या नाटकात दोरीच हवी असं नाही, पण शिकवण्याची एक तरी घटना हातांनी घडलेली हवी. अ‍ॅन सुलिव्हनचा तो प्रसिद्ध क्षण, 5 एप्रिल 1887चा, असाच आहे: मुलीच्या एका हातावर पंपाचं पाणी, दुसऱ्या हातावर बोटांनी लिहिलेली 'पाणी' या शब्दाची अक्षरं. तिथे एकही वाक्य लागत नाही.

फळ्याचं काय करायचं, हा कटकटीचा प्रश्न. मागच्या भिंतीवर टांगला तर लिहिताना मास्तरांची पाठ, आणि मुलं फळ्याकडे तोंड करून बसली तर त्यांचीही पाठ. मी फळा एका बाजूला तिरका लावते, बाक त्याच्या समोर तिरक्या रांगेत. मास्तरांची पाठ अधूनमधून दिसली तर दिसू द्या, मुलांचे चेहरे झाकले जाता कामा नयेत. फळ्याला चकचकीत रंग देऊ नका, दिवे त्यात चमकतात आणि अक्षर गायब होतं. अक्षर तळहाताएवढं काढा आणि शेवटच्या रांगेत जाऊन स्वतः वाचून बघा. ओळी चढतात-उतरतात म्हणून पेन्सिलनं पुसट रेघा आखून ठेवा, प्रेक्षकांना दिसत नाहीत.

लिहिता लिहिता बोलायची तालीम वेगळी घ्या. बहुतेकांना जमत नाही. बोलायचं, थांबायचं, लिहायचं, वळायचं, असं तोडून बसवा. खडू ओला केला की अक्षर ठसठशीत येतं असं मला कुणीतरी सांगितलं होतं. येतं, पण वाळल्यावर. पहिल्या प्रयोगात मास्तर वाक्य लिहून वळले, मुलं कोऱ्या फळ्याकडे बघत ते मोठ्यानं वाचतायत, प्रेक्षक हसतायत, आणि पुढचा संवाद अर्धा झाल्यावर अक्षरं हळूहळू उमटली. तेव्हापासून कोरडा खडू.

वेळापत्रक माझ्यापुरतं असं: 6 आठवडे, आठवड्याला 3 तालमी. पहिला आठवडा नुसतं वाचन, चौथ्यापासून हातात संहिता नाही. बाक आणि फळा दुसऱ्या आठवड्यापासूनच तालमीत आणा. खुर्च्यांवर बसवलेला वर्ग बाकावर आला की सगळ्या हालचाली बदलतात.

निरोपाच्या प्रवेशाला बासरी लावायचा मोह होईल. निदान एक तालीम संगीताशिवाय करा. आमच्याकडे मास्तर फक्त फळा पुसतात आणि जातात. पुसताना तो तेराव्या गाठीवाला मुलगा पुढच्या बाकावर येऊन बसतो. बासरीवाला त्या दिवशी मोकळाच बसला.

आणि डस्टर प्रयोगाआधी नाट्यगृहाबाहेर नेऊन झटकून आणा. पहिल्या रांगेतले खोकायला लागले की तो प्रवेश गेलाच म्हणून समजा.