सेस्नाची सीट मागे सरकू नये म्हणून

सीटखालचा दांडा खाली बसला म्हणजे सीट लॉक झाली, हा समज आधी डोक्यातून काढा. सेस्ना 152 किंवा 172 या छोट्या विमानांची पुढची सीट केबिनच्या तळाला पक्क्या केलेल्या अॅल्युमिनिअमच्या दोन रेलवर, रोलरच्या आधाराने पुढे-मागे होते. रेलला ओळीने भोकं असतात. दांडा सोडला की स्प्रिंगच्या जोराने पिन भोकात उतरते. काही मॉडेलना एकच पिन असते, काहींना दोन. ही पिन दोन भोकांच्या मधल्या पट्टीवर टेकून राहिली, तरी सीट जागच्या जागी घट्ट वाटते. टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालवतानाही, वाटत राहते. मग टेक-ऑफला पूर्ण थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची पूर्ण ताकद लागते, नाक वर येतं, अंगाचा भार पाठीकडे जातो आणि तेव्हा ती सुटते.

पुढचा धोका सीटपेक्षा हाताचा जास्त. लोकलने हिसका दिला की हात विचार न करता वरच्या कड्याकडे जातो, तसाच कॉकपिटमध्ये तो योक, म्हणजे विमानाचं स्टीअरिंग, घट्ट धरतो. तुम्ही मागे जाताना योकही मागे ओढलं जातं. नाक आणखी वर जातं, वेग पडतो, पाय नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या रडर पेडलपासून सुटलेले असतात. जमिनीपासून शंभर-दोनशे फुटांवर स्टॉल झाला, म्हणजे पंखांची उचल तुटली, तर सावरायला उंचीच नसते.

म्हणून बसल्यावर पट्टा लावण्याआधी हे करा. रडर पूर्ण दाबता येईल आणि ब्रेकवर पंजा नीट टेकेल, अशी जागा घ्या. दांडा सोडा. मग एका हाताने दाराची चौकट धरून सीटला पुढे आणि मागे, दोन्हीकडे जोराने हिसका द्या. योक धरून हिसका देऊ नका, कारण तीच सवय नंतर नडते. बहुतेक वेळा या हिसक्यातच ‘खट्’ आवाज येतो आणि पिन भोकात पडते. आवाज आला तरी पुन्हा हलवून बघा आणि वाकून दांडा पूर्ण खाली आला आहे का तेही पाहा. दोन पिनांची सीट असेल तर दोन्ही बसायला हव्यात. रेल जराशी वाकडी असली की एक बसते, दुसरी अधांतरी राहते. पाठीचा कोन बदलता येत असेल तर त्याचं लॉकही तपासा, कारण पाठ अचानक मागे पडली तरी परिणाम जवळपास हाच.

रन-अपच्या, म्हणजे टेक-ऑफआधीच्या इंजिन-तपासणीच्या वेळी ब्रेकवर पाय रेटलेले असतात, त्यामुळे सीटची आपोआप एक परीक्षा होते. पण त्यावर विसंबू नका. रनवेवर लाइन-अप करण्याआधी, म्हणजे टेक-ऑफसाठी सरळ उभं राहण्याआधी, पुन्हा एक हिसका द्या, पाच सेकंदांचं काम आहे. सहवैमानिकाच्या सीटलाही हाच नियम. बुटक्या विद्यार्थ्याने सीट अगदी पुढे घेऊनही पाय पोचत नसतील तर पाठीमागे घट्ट, न दबणारी उशी घ्यावी. मऊ उशी टेक-ऑफला दबते आणि पेडल पुन्हा लांब जातात.

आता पिन का बसत नाही ते बघू. सगळ्यात साधं कारण म्हणजे कचरा. मुंबईच्या जुहू विमानतळाला समुद्र हाकेच्या अंतरावर आहे. बुटांबरोबर वाळू येते, भोकात साचते आणि पिन अर्धीच उतरते. हेडसेटची वायर, पेन, चटईची दुमडलेली कड, बॅगेचा पट्टा यांपैकी काहीही रेलवर आलं तरी तेच. आठवड्यातून एकदा सीट पूर्ण पुढे, मग पूर्ण मागे घेऊन व्हॅक्यूम फिरवा. भोकं जुन्या टूथब्रशने मोकळी करा, तळाशी घट्ट बसलेलं लाकडी काडीने काढा. रेलला तेल किंवा ग्रीस मात्र लावू नका. सीट पहिले दोन दिवस लोण्यासारखी सरकते, मग त्या तेलात वाळू कालवली जाते आणि तोच लगदा रोलर अन् भोकांच्या कडा घासत बसतो. वंगण लावायचंच असेल तर मेन्टेनन्स मॅन्युअल सांगेल ते आणि सांगेल तिथेच.

पावसाळ्यात आणखी एक भर. खारी, दमट हवा अॅल्युमिनिअमवर पांढरी भुकटी आणते आणि स्प्रिंगला गंज चढवते. ओल्या बुटांचं पाणी चटईखाली साचून राहतं. जून ते सप्टेंबर चटई उचलून खालची जागा कोरडी आहे ना ते पाहत राहा. दांडा सोडल्यावर पिन झटकन न उतरता रेंगाळत असेल तर स्प्रिंग थकली आहे किंवा पिन वाकली आहे.

दुसरं कारण झीज. ट्रेनिंगच्या विमानात सगळे जण त्याच दोन-तीन भोकांत सीट लावतात. दर टेक-ऑफला पिन भोकाच्या एकाच कडेवर दाबते आणि गोल भोक लंबगोल होतं. कडेला उतार आला की पिन त्यावरून वर चढते. अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामकाने याबद्दल 1987 मध्ये एडी, म्हणजे सक्तीचा आदेश काढला (87-20-03). 2011 मध्ये त्याची जागा 2011-10-09 ने घेतली. विमानाचं डिझाइन ज्या देशात मंजूर झालं तिथले असे आदेश डीजीसीए या भारतीय नियामकाच्या नियमांनुसार आपल्याकडेही पाळावे लागतात.

त्यातली मापं वैमानिकालाही पाठ असावीत. झिजलेलं भोक 0.36 इंचापेक्षा, म्हणजे साधारण 9.1 मिलिमीटरपेक्षा लांब झालं की रेल बदलायची. पिन भोकात किमान 0.15 इंच, म्हणजे 3.8 मिलिमीटर उतरलीच पाहिजे, आणि हे माप सीटची पुढची कड वर उचलून धरून घ्यायचं. हे उचलणं महत्त्वाचं आहे. रोलरच्या हाउसिंगला, म्हणजे तो ज्यात बसतो त्या भागाला, खाली वळलेले ओठ असतात, ते रेलचा माथा खालून पकडतात. ते झिजले की सीट पुढून उचलली जाते आणि पिन स्वतःहून वर ओढली जाते. सीट तशीच ठेवून मोजलं तर हा दोष लपतो. ओठांची जाडी मूळच्या निम्म्याहून कमी झाली की हाउसिंग बदलायचं. रोलर अडकतो का, रेलला तडा आहे का, हेही याच तपासणीत बघतात.

भोक कानशीने ‘सरळ’ करणं, पिनेला वेल्डिंगचा थर देणं, साध्या बाजारातली स्प्रिंग बसवणं, यातलं काहीही करू नका. रेल बदलणं परवानाधारक एएमईचं (विमान देखभाल अभियंत्याचं) काम आहे आणि त्याची नोंद लॉगबुकात झाली पाहिजे. रेलच्या दोन्ही टोकांचे स्टॉप (अडसर) सीटला रेलवरून उतरू देत नाहीत. सफाईनंतर किंवा सीट काढून लावल्यानंतर ते परत बसले का, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

जास्तीचं संरक्षण हवं असेल तर दोन गोष्टी आहेत. सेस्नाने दुसऱ्या स्टॉपची सोय दिली: केबिनचा तळ आणि सीट यांना जोडणारा पट्टा, रिळावर गुंडाळलेला. पिन सुटली तरी तो सीटला फार मागे जाऊ देत नाही. दुसरी, रोलरच्या मागे रेलवर स्क्रूने आवळायचा छोटा स्टॉप. मंजुरी असलेलाच घ्या. तो दर वेळी आवळावा लागतो आणि सीट हलवली की नव्याने लावावा लागतो, म्हणून क्लबच्या विमानात त्याचा उपयोग शिस्तीवर अवलंबून. पट्ट्याचं रीळ बरं, ते आठवणीवर चालत नाही.

एवढं करूनही सीट सुटलीच तर? रनवेवर असाल तर थ्रॉटल मागे घ्या आणि योक सोडा. हवेत असाल तर आधी योक सोडा. टेक-ऑफचा ट्रिम, म्हणजे योक न धरता विमानाचा तोल टिकवणारी जुळणी, बरोबर लावलेला असेल तर विमान स्वतःहून चढत राहतं. हात दाराच्या चौकटीवर किंवा डॅशच्या वरच्या कडेवर न्या, शेजारी इन्स्ट्रक्टर असेल तर मोठ्याने ‘यू हॅव कंट्रोल’ म्हणा. पुरेशी उंची मिळाल्यावरच सीट पुढे ओढा, आणि तेव्हाही योकचा आधार घेऊ नका.

उतरल्यावर स्नॅग, म्हणजे दोषाची नोंद, लिहा. ‘सीट लूज’ एवढ्याने एएमईला काही कळत नाही. ‘डावी सीट, आतली रेल, पुढून चौथं भोक, पिन अर्धी बसते, पुढची कड उचलली की सुटते’ असं लिहिलंत तर त्याला कुठे बघायचं ते नेमकं समजतं.