वेल्श सैनिकाचा माग काढताय? या चुका टाळा

कार्डिफला राहायला आल्यापासून, पहिल्या महायुद्धात पडलेल्या इथल्या पोरांचा शोध घेणाऱ्यांना मी मदत करते. बहुतेकांची चूक एकच असते: नाव सापडलं म्हणजे माणूस सापडला, असं धरून चालणं.

वेल्समध्ये आडनावं मोजकी. जोन्स, डेव्हिस, एव्हन्स, विल्यम्स. युद्धात पडलेल्यांच्या कबरी सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत ‘डेव्हिड जोन्स’ टाकलंत की पानंच्या पानं उघडतात. घाई असलेला माणूस त्यातला सोयीचा जोन्स उचलतो.

मीही उचलला होता. शेजारच्या आजींनी त्यांच्या आईच्या कपाटातून मामांच्या नावाची ब्राँझची एक जड, तळहाताएवढी चकती आणून दिली. युद्धात गेलेल्यांच्या घरी सरकार ती पाठवायचं. तिच्यावर नुसतं नाव असतं. बलिदानात लहानमोठं नाही म्हणून हुद्दा नाही, रेजिमेंट नाही, नंबरही नाही. मी दोन संध्याकाळी बसून फ्रान्समधली एक कबर शोधून दिली आणि आजी एवढ्या लांब जाऊन तिथे फुलं ठेवून आल्या. पुढे बिस्किटांच्या डब्यात मामांचं पदक निघालं. भिंग लावून त्याची कड वाचली: नंबर, हुद्दा, नाव, रेजिमेंट. नंबर वेगळाच होता. मामांना कबरच नव्हती. त्यांचं नाव बेल्जियममधल्या मेनिन गेट या स्मारकावर होतं, बेपत्ता झालेल्या 54,000हून जास्त नावांमध्ये. आजींना हे सांगायचा धीर यायला मला आठवडा लागला.

तेव्हापासून पदकाची कड वाचल्याशिवाय मी पुढे जात नाही. पदक नसेल तर नंबर आणि आईवडिलांचं नाव दोन वेगवेगळ्या कागदांवर जुळेपर्यंत घरच्यांना काही सांगत नाही. 1911ची जनगणना समोर उघडी ठेवते. टेरिटोरियल (अर्धवेळ स्वयंसेवक) सैनिकांचे नंबर 1917मध्ये बदलले, हेही लक्षात असू द्या. आणि कुणीतरी इंटरनेटवर टाकलेली आयती वंशावळ उतरवून घेऊ नका. एकाची चूक दहा जणांच्या घरात तशीच जाते.

दुसरी चूक, ‘रेकॉर्ड मिळत नाही’ म्हणून शोध सोडून देणं. सप्टेंबर 1940च्या बाँबहल्ल्यात लंडनमधलं कोठार पेटलं आणि साध्या सैनिकांची निम्म्याहून जास्त कागदपत्रं जळाली. पण पदकांची कार्डं राहिली. मागे उरलेला पगार कुणाच्या हाती दिला, त्याच्या वह्याही राहिल्या. ‘आई’ असा शेरा दिसला की पोरगा बहुधा अविवाहित होता हे कळतं. लंडनमध्ये क्यूला असलेल्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये बटालियनच्या युद्ध-डायऱ्या आहेत. त्यात साध्या शिपायाचं नाव क्वचितच येतं, पण जुलै 1916ला फ्रान्समधल्या मामेत्झच्या जंगलात त्याची तुकडी कुठे होती, ते दिवसवार वाचता येतं.

वयावर विश्वास ठेवू नका. परदेशी आघाडीसाठी 19 वर्षांची अट होती, म्हणून पोरं वय वाढवून सांगत.

बटालियनच्या नावावरून गाव ठरवू नका. कवी हेद विन वेल्समधल्या ट्राउसव्हनिथ गावच्या शेतकऱ्याचा मुलगा, पण रॉयल वेल्श फ्युजिलिअर्सच्या लंडन वेल्श बटालियनमध्ये होता. 31 जुलै 1917ला तो बेल्जियममध्ये पिल्केमच्या चढावर पडला. कागदोपत्री शोधायचा तर एलिस हम्फ्री एव्हन्स या नावाने. टोपणनाव कबरीवर सापडेल, लष्करी कार्डावर नाही.

शेवटचं, वर्तमानपत्रं. वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने 1919पर्यंतची जुनी वर्तमानपत्रं फुकट खुली केली आहेत आणि लोक त्यात फक्त इंग्रजीत शोधतात. गावातल्या पोराची बातमी, आघाडीवरून आलेलं पत्र, चॅपेलमधली शोकसभा, हे बऱ्याचदा वेल्श भाषेत छापून यायचं. आपल्याकडे ‘पुणे’चं ‘पुण्यात’ होतं, तसं तिथे शब्दाचं पहिलं अक्षर बदलतं. ‘बँगॉरमध्ये’ म्हणायचं तर ‘मँगॉर’ होतं. ‘बँगॉर’ टाकून काही मिळालं नाही, तर ‘मँगॉर’ टाकून बघा.