नाशिकमधे व्हायोलिन बनवायचा छोटा वर्कशॉप कसा चालवायचा

सगळ्यात आधी हायग्रोमीटर घ्या. हत्यारं नंतर, लाकूड त्याच्याही नंतर. हवेतली ओल दाखवणारा छोटा डिजिटल मीटर काही शे रुपयात मिळतो, तो भिंतीला अडकवा आणि रोज सकाळ-संध्याकाळ आकडा वहीत लिहा, निदान एक वर्ष तरी. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमधे खोलीत ८०-८५ टक्के ओल असते आणि एप्रिलच्या दुपारी तीच २०-२५ वर येते, आणि व्हायोलिन म्हणजे काय तर जेमतेम तीन मिलिमीटरच्या पाट्या सरसाने चिकटवून केलेली पेटी, ती पावसात फुगणार आणि उन्हाळ्यात आकसणार, तुम्ही काहीही करा. ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास तिला बरं वाटतं.

हे मी शिकलो ते फार वाईट पद्धतीने. पहिल्याच वर्षी घाई केली, ऑर्डर होती म्हणून भर ऑगस्टमधे वरची पाटी चिकटवून पेटी बंद केली, वाद्य सुंदर झालं, आवाजही छान, आणि पुढच्या एप्रिलमधे ज्या मुलीने घेतलं होतं तिच्या वडिलांचा फोन आला की घोडीच्या, म्हणजे तारांना उचलून धरणाऱ्या लाकडी पुलाच्या, खालून चीर गेलीय. ओलं असताना बंद केलेलं लाकूड कोरड्या हवेत आकसलं, कडा सरसाने धरलेल्या, मग ते मधेच फाटलं. पूर्ण नवीन पाटी करून दिली, पैसे घेतले नाहीत, दीड महिना गेला त्यात. ती मुलगी परीक्षेला दुसऱ्याचं वाद्य घेऊन बसली याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून आता माझं वर्ष हवेप्रमाणे चालतं. पावसाळ्यात मानेचं आणि तिच्या टोकाच्या वळणाचं, म्हणजे स्क्रोलचं, कोरीवकाम, घोड्या, खुंट्या, रिपेअर, म्हणजे जिथे मोठा जोड नाही ते सगळं. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की पाट्यांचे मधले जोड आणि पेटी बंद करणं, हे फेब्रुवारी-मार्चपर्यंत उरकायचं. आणि डिसेंबर-जानेवारीचं आपलं ऊन म्हणजे सोनं आहे, पॉलिश करायच्या आधी कोरं व्हायोलिन गच्चीवर टांगून ठेवलं की लाकूड आपोआप मधासारखं तांबूस होत जातं, तो रंग डब्यातून येत नाही. फक्त माकडं आणि पतंगाचा मांजा यांच्याकडे लक्ष ठेवा.

जागा फार मोठी लागत नाही, दहा बाय बारा फुटाची खोली पुरते, पण उत्तरेकडचा उजेड हवा कारण पाटीचा उंचसखलपणा सावलीवरूनच कळतो. जुन्या नाशकात वाड्याच्या तळमजल्यावर स्वस्तात खोली मिळते, मोह होतो, पण नदीकाठी घेऊ नका. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कंबरेपर्यंत पाणी आलं की पुढे सराफ बाजार आणि भांडी बाजाराचं काय होतं ते आपण दरवर्षी बघतो, आणि चार-पाच वर्षं वाळवलेलं लाकूड एकदा पुरात भिजलं की संपलं. वरचा मजला घ्या, भाडं जास्त गेलं तरी चालेल.

हत्यारांचं म्हणाल तर सुताराकडची निम्मी चालतात, म्हणजे पटाशा, रंधा, कानस, बारीक करवत. वेगळं लागतं ते म्हणजे गोल पटाशा, अंगठ्याएवढे पितळी रंधे, जाडी मोजायचा कॅलिपर, बाजूच्या पट्ट्या गरम करून वाकवायची नळी आणि भरपूर छोटे क्लॅम्प. बाहेरून मागवले तर खिसा रिकामा होतो. अंबड-सातपूरला, कारखान्यांच्या भागात, लेथवाले आहेत त्यांना नीट ड्रॉइंग दिलं तर ते करून देतात, माझी वाकवायची नळी आणि तिन्ही छोटे रंधे तिकडेच झालेत. स्क्रेपर तर जुन्या करवतीच्या पात्यातून घरी कापा, तो पॉलिश पेपरपेक्षा लाख पटीने बरा, लाकडाचे तंतू कापतो, घासत नाही.

लाकूड. वरची पाटी स्प्रूसची, मागची पाटी, बाजू आणि मान मेपलची, तारा दाबायची पट्टी म्हणजे फिंगरबोर्ड आबनूसचा. हे उगाच ठरलेलं नाही, स्प्रूस हलकं असून उभ्या दिशेने प्रचंड ताठ असतं म्हणून तारांचा ताणही पेलतं आणि थरथरतंही. सागाचं करून बघू का असं मला दर दोन महिन्यांनी कोणीतरी विचारतं, सागाची कपाटं करा, वरची पाटी नको, जड पडतं आणि आवाज आत कोंडतो. लाकूड घेताना ते कलिंगडाच्या फोडीसारखं खोडाच्या मध्याकडून चिरलेलं आहे ना ते बघा, टोकाकडून पाहिलं तर रेघा उभ्या दिसायला हव्यात. ती फोड मधून चिरून पुस्तकासारखी उघडायची आणि जोडायची. आणलेल्या प्रत्येक तुकड्यावर तारीख टाका आणि निदान दोन पावसाळे तुमच्याच खोलीत काढू द्या मग हात लावा, विकणारा कितीही म्हणाला की पूर्ण वाळलेलंय तरी.

मापांमधे कलाकारी करू नका. फुल साइजची पेटी ३५५-३५६ मिलिमीटर लांब, वरच्या कडेपासून घोडीच्या जागेपर्यंत १९५, आणि मान १३०, म्हणजे दोनास तीन हे प्रमाण. हे चुकलं तर वाजवणाऱ्याची बोटं चुकीच्या जागी पडतात आणि मग पोरगं बेसूर वाजवतंय म्हणून क्लासमधे ओरडा खातं, चूक मात्र आपली असते. वरची पाटी साधारण अडीच ते तीन मिलिमीटर, मागची मधे साडेचारच्या आसपास आणि कडेला अडीचपर्यंत उतरत जाणारी. बाजूच्या पट्ट्या एक मिलिमीटरच्या किंचित वर. पातळ केलं की आवाज लगेच मोठा येतो, त्या नादात अजून अजून खरवडायचा मोह होतो, तिथे थांबा. दोन-तीन वर्षांत अशी पाटी घोडीखाली खचते.

सरस हाच गोंद वापरायचा, सुतार पूर्वी वापरायचे तोच जनावराच्या कातड्याचा. रात्री गार पाण्यात भिजत घालायचा, सकाळी गरम पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून ६० डिग्रीपर्यंत तापवायचा, उकळू द्यायचा नाही, उकळला की ताकद गेली. मी भांडी बाजारातून एक छोटं तांब्याचं पातेलं आणलंय त्यासाठीच, उष्णता सगळीकडे सारखी लागते. लोक विचारतात फेविकॉल का नाही, तर फेविकॉल धरतो तो सोडतच नाही हीच अडचण. व्हायोलिन आयुष्यात चार-पाच वेळा तरी उघडावं लागतं. वरची पाटी मुद्दाम पातळ सरसाने चिकटवतात, म्हणजे उन्हाळ्यात ताण आलाच तर लाकूड फाटायच्या ऐवजी जोड सुटतो आणि तो आपण वीस मिनिटात परत चिकटवतो. माझ्याकडे रिपेअरला आलेल्या निम्म्या वाद्यांचं नुकसान आधीच्या कोणीतरी भलताच गोंद लावल्यामुळे झालेलं असतं.

पॉलिशसाठी चपडा लाख स्पिरिटमधे विरघळवून अगदी पातळ हात मारायचे, बरेच, मधे वाळू द्यायचं. पावसात हे करू नका, हवेतल्या ओलीने पॉलिश पांढरट पडतं.

आता जे कोणी सांगत नाही ते. वर्कशॉप नव्या व्हायोलिनवर चालत नाही, निदान पहिली तीन-चार वर्षं तरी नाही. तो चालतो सेटअपवर, म्हणजे घोडी, तारा, खुंट्या नीट बसवून वाद्य वाजतं करण्यावर, आणि रिपेअरवर. ऑनलाइन पाच-सहा हजारात व्हायोलिन मागवलेलं असतं, पोरगं रडतं, बोटं दुखतात, आईवडिलांना वाटतं याला जमत नाहीये. बघावं तर तारा फिंगरबोर्डपासून इतक्या उंच की मोठ्या माणसालाही दाबवणार नाहीत, घोडी जशी कारखान्यातून आली तशीच ठोकळ्यासारखी, आतली आधाराची कांडी, म्हणजे साउंडपोस्ट, आडवी पडलेली. फिंगरबोर्डच्या टोकाशी जाड तारेखाली साडेपाच आणि बारीक तारेखाली साडेतीन मिलिमीटर एवढी उंची आणली, घोडी पातळ केली, खुंट्या नीट बसवल्या की तेच वाद्य वाजायला लागतं. दोन-तीन तासांचं काम आहे. त्या पोराचा चेहरा बघा तेव्हा. माझी निम्म्याहून जास्त नवी गिऱ्हाइकं अशाच कोणीतरी पाठवलेली आहेत.

साउंडपोस्ट म्हणजे सहा मिलिमीटर जाडीची स्प्रूसची कांडी, आत नुसती उभी असते, चिकटवत नाहीत, घोडीच्या बारीक तारेकडच्या पायाच्या किंचित मागे. ती अर्धा मिलिमीटर हलली तरी आवाज बदलतो. हे शिकायला वेळ द्या, महिने लागतात. आणि खुंट्या उन्हाळ्यात सुटतात, पावसात अडकतात, त्यावर जुना उपाय म्हणजे कोरडा साबण आणि खडू, अडकली तर साबण, घसरली तर खडू, हा उपाय गिऱ्हाइकालाही शिकवून ठेवा.

आपल्याकडे दोन प्रकारचे वाजवणारे येतात आणि दोघांचा सेटअप वेगळा. चर्चमधे किंवा ऑर्केस्ट्रात वाजवणारे चार तारा पाश्चात्त्य पद्धतीने जी-डी-ए-ई या स्वरात लावतात, उभं राहून किंवा खुर्चीत. आपले शास्त्रीयवाले मांडी घालून बसतात, स्क्रोल उजव्या पावलावर टेकवतात, सा-प च्या जोडीत आणि बऱ्याचदा खालच्या स्वरात लावतात. म्हणजे तारेवर ताण कमी, मग थोड्या जाड तारा लागतात. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकत जाणं, घ्यायची तर फिंगरबोर्ड आरशासारखा हवा, तारेखाली पडलेल्या खाचा रंधून काढाव्या लागतात, एकही खड्डा असेल तर मींड तिथे अडखळते. व्हायोलिनवादक पं. व्ही. जी. जोग किंवा पं. डी. के. दातार यांचं वादन कान देऊन ऐका, मग कळेल आपल्या वाद्याकडून काय मागितलं जातंय. गिऱ्हाइकाला आधी विचारा, कुठल्या पट्टीत लावता, बसून का उभं राहून, मग घोडीला हात घाला.

एक अवघड प्रसंग वारंवार येतो. कोणीतरी आजोबांचं व्हायोलिन घेऊन येतं, आत चिठ्ठी, स्ट्राडिवारियस, सतराशे काहीतरी साल. डोळ्यात आशा असते. अशा चिठ्ठ्या कारखान्यांनी हजारो नकलांमधे चिकटवल्यात, त्या काळी ते फक्त कुठला नमुना ते सांगण्यासाठी होतं. खरं सांगायचं, पण हळू सांगायचं, आणि ते वाद्य वाजतं करून द्यायचं. आजोबांचं होतं ही किंमत कमी नसते. तुमच्या व्हायोलिनमधे मात्र तुमचीच चिठ्ठी लावा, नाव, नाशिक, साल, वरच्या पाटीतल्या डाव्या एफ-होलमधून, म्हणजे एफ अक्षरासारख्या भोकातून, वाचता येईल अशी. इटलीतल्या क्रेमोनाच्या व्हायोलिनकामाला युनेस्कोने २०१२ मधे मान दिला, आपल्या मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मधे जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, गावाचं नाव असंच चिठ्ठी चिठ्ठीने मोठं होतं.

लहान साइज भाड्याने द्या. अर्धा, पाऊण, मग फुल, पोरं दर दीड-दोन वर्षांनी मोठी होतात आणि प्रत्येक वेळी नवीन घेणं कोणाला परवडत नाही. डिपॉझिट घ्या, साइज वाढला की बदलून द्या. दर महिन्याला ठरलेले पैसे येतात ते यातूनच.

किंमत ठरवताना तास लिहून ठेवा. एका नव्या व्हायोलिनला सहज दोनशे तास जातात. तासाला दीडशे धरले तरी ३० हजार मजुरी झाली, त्यावर लाकूड, तारा, व्हायोलिन ठेवायची केस, भाडं. हा हिशोब गिऱ्हाइकाला उघड सांगा, लाजू नका, लोकांना कळतं. निम्मे पैसे आधी घ्या. उद्यम रजिस्ट्रेशन ऑनलाइन फुकट होतं, कोणाला पैसे देऊ नका त्यासाठी. जीएसटीला महाराष्ट्रात मालासाठी ४० लाखांची मर्यादा आहे पण राज्याबाहेर विकायला लागलात की नियम बदलतात, सीएला एकदा विचारून घ्या. बाहेरगावी पाठवताना तारा थोड्या सैल करा, पूर्ण नाही, नाहीतर साउंडपोस्ट पडतो, आणि टेलपीसखाली, म्हणजे तारांची खालची टोकं अडकवतात त्या तुकड्याखाली, मऊ कापड घाला.

आणि विकलेल्या प्रत्येक वाद्याची तारीख वहीत ठेवा. पहिला पावसाळा संपला की ते परत मागवा, फुकट तपासा, जोड बोटाने ठोकत ठोकत फिरा, सुटलेला असेल तिथे पोकळ वाजतं. मी खंडेनवमीच्या आधीच्या आठवड्यात सगळ्यांना फोन करतो, तोपर्यंत पाऊस ओसरलेला असतो, आणि त्या दिवशी हत्यारांच्या शेजारी पाटावर तीही व्हायोलिनं मांडलेली असतात.