टाचेचा फोड आणि फेरीबोटीची वाट

अलिबाग ते रत्नागिरी, सागरी रस्त्याने मी आणि मैत्रीण पळत निघालो होतो, रोज साधारण 25 किलोमीटर. तिसऱ्या दिवशी दिवेआगरच्या अलीकडे ती लंगडायला लागली. "थांबू या का गं?" विचारलं तर म्हणाली, "चल, होईल." मी तेव्हाच हट्टाने थांबवायला हवं होतं.

रात्री तिचे सुती मोजे पिळले, तर अक्षरशः पाणी निघालं. टाचेवर लिंबाएवढा फोड. कोकणातल्या दमट हवेत घाम वाळतच नाही; ओली कातडी मऊ पडते आणि बुटाच्या काठावर घासत राहते.

स्पिरिटने पुसलेल्या सुईने फोडाला कडेला भोक पाडलं, पाणी काढलं, वरची कातडी मात्र तशीच ठेवली. पाय पूर्ण वाळल्यावर कापडी चिकटपट्टी लावली, कोपरे गोल कापून. टोकदार कोपरे मोज्यात अडकून सुटतात. सुती मोजे बाद केले, माझे सिंथेटिक जोड तिला दिले.

खरा फरक पडला तो खाड्यांमुळे. बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, सगळीकडे फेरीबोटीची वाट बघावी लागते. जेट्टीवर पोचलो की दोघींनी बूट-मोजे काढायचे, पाय उन्हात ठेवायचे, मोजे बदलायचे. शिवाय वेग तिने ठरवायचा, मी मागे. मी पुढे असले की ती दुखणं लपवून पळायची.

जयगडला उतरलो तेव्हा टाचेची जुनी कातडी सुकून कडक झाली होती. गणपतीपुळ्यापर्यंतचा चढ ती न थांबता पळाली.