लाकडी उलथने घडवताना या चुका टाळा

उलथन्याचा दांडा मानेत, म्हणजे तो पात्याला जुळतो तिथे, मोडला, की दोष हाताच्या जोराला किंवा लाकडाच्या जातीला दिला जातो. प्रत्यक्षात आपण तुकडा कापून काढतो, त्याच वेळी बहुतेकदा त्याचे मोडणे ठरून गेलेले असते. लाकडाचे तंतू दांड्याला समांतर धावत असतील, तर 10-12 मिलिमीटर जाडीची मानही रोजचे पिठले आणि शिरा ढवळण्याचा ताण सहज सोसते. तेच तंतू मानेपाशी तिरपे बाहेर पडत असतील, तर तेवढीच जाडी पहिल्याच घट्ट हलव्याला दगा देते. म्हणून केवळ फळीच्या वरच्या अंगावरील रेषा पाहून आकार आखू नये, कडेवरच्या रेषाही तपासाव्यात. मानेला बाक हवा असेल, तर सरळ फळीतून तो कापून काढण्याऐवजी निसर्गतः वाकलेली फांदी शोधावी. गाठ मानेत तर मुळीच येऊ देऊ नये.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे. छाटणीतून मिळालेल्या आंब्याच्या ओल्या फांदीतून, तिचा गाभा मधोमध ठेवून, मी पहिले उलथने कोरले आणि आठवडाभरातच त्याच्या पात्याला टोकापासून चीर गेली. सुकताना लाकूड वलयांच्या दिशेने जितके आकसते, त्याच्या साधारण निम्मेच ते गाभ्याकडे आकसते. हा फरक गाभा असलेल्या तुकड्याला फाडूनच मोकळा होतो. फांदी उभी चिरून गाभा टाकून द्यावा, टोकांना मेण लावावे, नेमक्या मापापेक्षा जाडसर आकार काढावा आणि तो कागदी पिशवीत घालून सावलीत काही आठवडे ठेवावा. स्वयंपाकघरातील काट्यावर त्याचे वजन उतरायचे थांबले, म्हणजे तो सुकला असे समजावे. उन्हात ठेवून घाई केल्यास चिरा हमखास पडतात.

लाकूड शिसव, बाभूळ, साग किंवा आंब्याचे चालते. शिसवाचा भुसा मात्र श्वासाला आणि त्वचेला त्रास देऊ शकतो, तेव्हा नाक-तोंड झाकूनच ते घासावे. प्लायवूड, रंग दिलेले जुने सामान आणि विषारी कण्हेर यांना स्वयंपाकघरात जागा नाही.

कोरताना लाकूड उचकटू लागले, तर पटाशीवर जोर वाढवणे ही चूक ठरते, कारण अशा वेळी धार तंतूंच्या उलट्या दिशेने चाललेली असते. वळणावर नेहमी रुंद भागाकडून अरुंद भागाकडे यावे. तरीही तंतू उपटत असतील, तर तुकडा फिरवून घ्यावा आणि पटाशीला धार लावावी. पात्याची कड आपल्या भांड्यावर ठेवून आखावी, कारण सपाट कड कढईच्या गोलाव्यात जेमतेम दोन टोकांना टेकते आणि मधले अन्न तळाशी करपते.

पहिल्या धुण्यानंतर उलथने खरखरीत झाले, तर घडणीत खोट आहे असे नाही. पाण्याने तंतू उभे राहिलेले असतात. 220 नंबरच्या पॉलिश पेपरने घासल्यावर लाकूड मुद्दाम ओले करावे, पूर्ण वाळू द्यावे आणि पुन्हा हलकेच घासावे. असे दोनदा केले, की त्रास बराच कमी होतो.

शेंगदाण्याचे तेल लाकडात वाळत नाही आणि कालांतराने खवट होते. त्याऐवजी खाण्याचे शुद्ध जवसाचे तेल अगदी पातळ लावावे, अर्ध्या तासाने उरलेले पुसून घ्यावे आणि प्रत्येक हात काही दिवस वाळू द्यावा. रंगाच्या दुकानातील उकळलेल्या जवस तेलात ते लवकर वाळवणारी धातूंची संयुगे मिसळलेली असू शकतात, म्हणून ते टाळावे. चिकटपणा राहिला, तर तेल जास्त झाले असे समजावे. तेलाचे बोळे गोळा करून ठेवू नयेत. ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात, म्हणून उघड्यावर पसरून वाळवावेत.

पात्याच्या टोकाशी बारीक चीर दिसली, तर तेवढा भाग कापून कड नव्याने घासता येते. मानेत चीर असेल, तर तिथे गोंद भरू नये, कारण त्या फटीत अन्न अडकत राहते. ते उलथने बाजूला ठेवून दुसरा तुकडा हाती घ्यावा.