उसाच्या हंगामात रात्री मोटारसायकल चालवताना

दिवाळीच्या मागंपुढं कारखान्यांची धुराडी पेटली की आमचा कोल्हापूर-गगनबावडा रस्ता पार बदलून जातो. मी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत आहे. दुसरी पाळी सुटली की फुलेवाडी, बालिंगा पूल, कोपार्डे करत कळ्याकडं घर गाठायचं. फेब्रुवारी-मार्चपर्यंत या रस्त्यावर रात्रभर डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर, अंगद (ट्रॅक्टरला जोडलेल्या ऊसगाड्या) आणि बैलगाड्या असतात. राधानगरी, कागल, पन्हाळा, कुठल्याही बाजूला जा, हीच गत. पाळी करून येणाऱ्या पोरांची मला काळजी वाटते, म्हणून लिहितोय.

पहिली गोष्ट वेगाची. डीपरचा, म्हणजे खाली पाडलेल्या दिव्याचा उजेड जेमतेम तीस-चाळीस मीटर कामाचा असतो. साठच्या वेगात पुढं काहीतरी आहे हे कळून ब्रेकवर बोट जाईपर्यंतच गाडी सतरा मीटर गेलेली असते. कोरड्या, चांगल्या रस्त्यावरसुद्धा थांबेपर्यंत चाळीस मीटर लागतात. म्हणजे उजेड संपतो तिथंच तुमचा ब्रेक संपतो. बिनदिव्याची ट्रॉली मध्ये आली तर वाचायला जागा उरत नाही. चाळीसला हेच अंतर वीस-बावीस मीटरवर येतं. हंगामात रात्री चाळीसच्या वर जाऊ नका. घरी पोचायला पाच-दहा मिनिटं जास्त लागतील, लागू देत.

ट्रॉलीला ओव्हरटेक करणं हा सगळ्यात अवघड भाग. माझा मेहुणा ऊस वाहतूक करतो. तो म्हणतो, "दाजी, उसानं भरल्यावर मागचं आम्हाला काय बी दिसत न्हाई. आरशात नुसता ऊस. इंजिनाचा आवाज आणि वर टेप, हॉर्न कुठला ऐकू येतोय?" म्हणून त्यानं आपल्याला पाहिलंय असं कधीही धरून चालू नका. ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या मिळून पन्नास फुटांच्या आसपास लांबी होते. तो वीसनं चाललाय आणि तुम्ही पंचेचाळीसनं, तरी पुरतं पुढं जायला पाच सेकंद लागतात. तेवढ्यात तुम्ही साठ मीटर जाता आणि समोरून साठनं येणारी गाडी ऐंशी मीटर पुढं येते. म्हणजे निदान दीडशे मीटर रस्ता मोकळा पाहिजे. वळणावर, पुलावर किंवा चढाला ही खात्री होतच नाही, तिथं मागंच राहा.

मागं राहायचं ते उजवीकडं थोडं सरकून, म्हणजे पुढचं दिसतं. चिकटून चालू नका. मोळीतला एखादा ऊस सुटला तर थेट अंगावर येतो. पुढं जाताना डीपर-अप्पर मारा आणि ट्रॉलीपासून हातभर नाही, चांगलं माणूसभर अंतर ठेवा. उसाची टोकं ट्रॉलीच्या बाहेर आलेली असतात आणि खड्डा आला की मागची ट्रॉली झोल खाते. दोन ट्रॉल्यांच्या मधल्या जागेत तर कधीच घुसू नका.

समोरून एकच दिवा येताना दिसला तर ती मोटारसायकलच असेल असं समजू नका. एक दिवा गेलेले ट्रॅक्टर पुष्कळ असतात. दिसणारा दिवा ट्रॅक्टरच्या डाव्या बाजूचा असला, तर उरलेलं सगळं धूड अंधारात तुमच्याच बाजूला असतं. एकटा दिवा दिसला की वेग कमी करून डाव्या कडेला या.

रस्त्यावर पडलेल्या उसावर आणि वाड्यावर (उसाच्या हिरव्या शेंड्यांवर) चाक आलं तर ब्रेक मारू नका, हँडल सरळ धरा, अॅक्सिलरेटर हळू सोडा. फडातून ट्रॅक्टर रस्त्यावर चढतो तिथं चाकांचा चिखल पडलेला असतो. पहाटेच्या दवानं तो साबणासारखा होतो. बालिंग्याला नदीकाठी धुकं असलं की काचेवर पाणी धरतं. ओरखडे पडलेली हेल्मेटची काच समोरच्या दिव्यानं सगळी पांढरी होते, हंगामाआधी बदलून घ्या.

"पुढचा ब्रेक मारला की माणूस पडतंय" हे आमच्याकडं सर्रास ऐकू येतं. गाडी थांबवायचं निम्म्याहून जास्त काम पुढचाच ब्रेक करतो. पडतो तो झटका दिल्यानं किंवा हँडल वाकडं असताना दाबल्यानं. रविवारी शाळेच्या पटांगणात जा, तीसच्या वेगात आधी हलकं आणि मग वाढवत दाबायची सवय करा.

ट्रॉली पंक्चर झाली की चालक मागं दगड मांडून ठेवतात. काम झालं की ट्रॅक्टर जातो, दगड तिथंच राहतात. असे दगड दिसले तर गाडी पूर्ण कडेला, इंडिकेटर चालू ठेवून उभी करा, दोन्हीकडचा रस्ता मोकळा बघूनच ते बाजूला टाका.

गावात कुणाची ट्रॉली असेल तर तिला रेडियम लावून द्या. वरच्या फळीला लावू नका, ती उसाखाली जाते. मागच्या खालच्या पट्टीला आणि दोन्ही कोपऱ्यांना लावा, आणि आठवड्यातून एकदा ओल्या फडक्यानं चिखल पुसायला सांगा.